रदबदली की शिष्टाई?

रिकामी_दौत: हंगेरीच्या कार्डिनल (म्हणजे वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरू) मिंडसेंटींवरचा एक लेख मराठीत करतेय. दुसरं महायुद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियाने राष्ट्राध्यक्ष बेनेशच्या हुकमांनी तिथल्या हंगेरियन लोकांचं नागरिकत्वच काढलं, मग फेब्रुवारी 1946 मध्ये हंगेरीशी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार, वर 1946-47 च्या हिवाळ्यात 40,000 च्या वर माणसं रेल्वेने चेक भागात मजुरीला नेली. कार्डिनलने त्यांच्यासाठी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन, इंग्लंडचा राजा सगळ्यांना साकडं घातलं. मी लिहिलं 'हंगेरियनांसाठी रदबदली केली'. संपादक म्हणाले रदबदली म्हणजे फेरफार, शेजारीच अदलाबदल आहे, वाचकाला वाटेल यानेच माणसं बदलून दिली!! आमच्याकडे तर आजोबा मामलेदाराकडे कुणासाठी तरी रदबदली करायला जायचे.

घिसाडघाई: ताई तुमचंच बरोबर. फेरफार हा हिंदीतला रद्दोबदल, मराठीत रदबदली म्हणजे दुसऱ्यासाठी शब्द टाकणं. संपादक टीव्ही जास्त बघत असणार.

शुद्धमती: मुळात फारसी शब्द हवाच कशाला? शिष्टाई म्हणा की, कृष्णशिष्टाई सगळ्यांना माहितीय.

घिसाडघाई: कृष्ण स्वतः कौरवांच्या दरबारात गेला होता हो, हा माणूस हंगेरीत एस्टरगोमला, आपल्या धर्मपीठाच्या गावी, बसून तारा करत होता. आणि शिष्टाईला पाठवणारा कोणीतरी लागतो, इथे बुडापेस्टचं सरकार तर याच्यावरच खार खाऊन होतं, 1948 च्या नाताळात उचललंच त्याला.

पारावरचा: एस्टरगोमच्या बॅसिलिकासमोर डॅन्यूब आणि पलीकडचा काठ स्लोव्हाकियाचा, म्हणजे ज्यांच्यासाठी पत्रं लिहायची त्यांचं गाव खिडकीतून दिसणार. बाकी मिंडसेंटी हे आडनाव त्याने गावावरून घेतलं, आधीचं पेम. मिंडसेंट म्हणजे सर्व संत. आपल्याकडे कुणाचं आडनाव सर्वसंतकर ऐकलंय का?

शुद्धमती: विषय भरकटवू नका. मध्यस्थी चालेल.

रिकामी_दौत: मध्यस्थ दोघांच्या मध्ये असतो हो, हा उघड एका बाजूचा. ख्रिस्ती प्रार्थनेतली मध्यस्थी वेगळी, ती इथे आणली तर वाटेल नुसता जप करत बसला होता.

पारावरचा: मग 'गाऱ्हाणं मांडलं' लिहा. फक्त ते देवळातलं वाटतं, कोकणातले लोक हसतील.

शुद्धमती: आणि लेखात अल्पसंख्यांक लिहिलं असेल तर अल्पसंख्याक करा. अंक नाही तो.

घिसाडघाई: झालं, आता हे पन्नास प्रतिसाद चालणार.

रिकामी_दौत: चार ठिकाणी अल्पसंख्यांकच लिहिलंय 😐 रदबदली ठेवू का पण?

शुद्धमती: संख्या अधिक क, म्हणून संख्याक.