मेनंद्रोस आणि मिलिंद

प्रश्न : ‘मेनंद्रोस’ या ग्रीक पुरुषनावाचा अर्थ कुठे ‘चंद्रपुरुष’ दिलेला दिसतो, तर कुठे ‘ठाम राहणारा’. बरोबर कोणता? आणि आपलं मिलिंद हे नाव खरंच त्यातून आलं का?

– ‘ठाम राहणारा’ बरोबर. चंद्राची गल्लत रोमन लिपीमुळे होते. ग्रीकमध्ये ‘ए’साठी दोन अक्षरं आहेत, ऱ्हस्वाला एप्सिलॉन आणि दीर्घाला ईटा. मेन या चंद्रदेवावरून आलेल्या मेनोदोरोस, मेनोफिलोस या नावांत ईटा आहे. मेनंद्रोसमध्ये एप्सिलॉन आहे, म्हणजे मूळ क्रियापद ‘मेनो’ : थांबणे, टिकणे, लढाईत पाय मागे न घेणे. पुढचा भाग ‘अनेर’ (पुरुष) या शब्दाचं समासातलं रूप ‘अंद्र’. अलेक्सांद्रोस याच घडणीचा, फक्त तिथलं क्रियापद ‘रक्षण करणे’.

– त्यातला ‘द’ कुठून आला तेही सांगायला हवं. ‘अनेर’ आणि आपला ‘नर’ एकाच मूळ धातूचे. न आणि र एकमेकांना भिडले की उच्चाराच्या सोयीने मधे द शिरतो. वानराचं वांदर झालं ते असंच.

– मिलिंदकडे येताना नाणी पाहावीत. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या मेनंद्रोस नावाच्या यवन (ग्रीक) राजाची नेहमी आढळणारी चांदीची छोटी नाणी सुमारे अडीच ग्रॅमची आणि द्वैभाषिक आहेत. राजाच्या मुखवट्याच्या बाजूला ग्रीकमध्ये ‘बासिलेओस सोतेरोस मेनंद्रू’, उलट बाजूला उजवीकडून डावीकडे वाचायच्या खरोष्ठी लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. दोन्हीकडे षष्ठीच आहे : त्रात्या महाराज मेनंद्राचं (नाणं). ग्रीक ‘ओस’ हा प्रथमेचा प्रत्यय भारतीय रूपात गळला आणि त्या जागी प्राकृतातला षष्ठीचा ‘स’ लागला. म्हणून ‘मेनंद्रस’मधला स पाहून तो ग्रीक नावाचाच शेवट समजू नये. ही चूक फार होते.

– पालीत याच राजाचा ‘मिलिन्द’ झाला. ‘मिलिन्दपञ्ह’ या ग्रंथात तो सागल नगरीचा, म्हणजे आजच्या सियालकोटचा, राजा म्हणून भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारतो. शेवटचा र गेला तो चंद्राचा चंद होतो तसा. एका शब्दात दोन अनुनासिक जवळ आले की पहिला न ल होऊ शकतो; निंबाचा लिंब आणि नवनीताचं लोणी मराठीने असंच केलं. स्वर बदलले त्यामागे ‘-इंद्र’ने संपणाऱ्या नावांची ओढही असावी. त्याच ग्रंथात राजा आपला जन्म ‘अलसंद’ द्वीपातला सांगतो. अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया; तिथेही ‘न्द्र’चा ‘न्द’च.

– पण संस्कृतात ‘मिलिंद’ म्हणजे भुंगा, आणि काव्यप्रेमी घरांत हे नाव त्या अर्थानेही ठेवतात. तेव्हा भेटेल त्या मिलिंदला ‘तुझं नाव ग्रीक’ असं सांगणं चुकीचं ठरेल. राजाची आठवण मनात ठेवून दिलेलं नाव वेगळं ओळखू येतं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय नागसेनवन परिसरात आहे. राजा आणि भिक्षू दोघेही तिथे आहेत. मराठी व्याकरणातही एक बारीक फरक दिसतो : राजाबद्दल ‘मिलिंदाने विचारलं’, शेजारच्याबद्दल ‘मिलिंदने विचारलं’.

– लेखनाबद्दल. ‘मिनँडर’ हे इंग्रजीवरून आलेलं रूप, त्यातला ड ग्रीकमध्ये नाही. ‘मेनांद्रोस’मध्ये ‘आ’ उगाच लांबतो. आघात पहिल्या अक्षरावर, पण षष्ठीत ‘मेनंद्रू’ म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो. हाक मारताना शेवटचा ‘ओस’ जाऊन ‘ए’ येतो : ‘मेनंद्रे!’ ग्रीसमध्ये हे नाव आज चालतं, मात्र फार प्रचारात नाही. आशिया मायनरमधल्या प्रुसा शहराचा बिशप पात्रिकिओस याच्याबरोबर हुतात्मा झालेल्या मेनंद्रोसचा स्मरणदिन 19 मे, त्यामुळे या नावाच्या मुलाचा नामदिनही तोच.