क्यू आहे, यू नाही: शब्द शोधायचे कसे?

राजवाडाकर, इंदूर
कॉलनीच्या गणेशोत्सवात स्क्रॅबलची (अक्षरांच्या सोंगट्यांतून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ) स्पर्धा आहे आणि शब्द चालतो की नाही हे मला ठरवायचंय. क्यू हातात आला आणि यू नसला की मुलं अडकतात. शिवाय ठरावीक जागी ठरावीक अक्षर असलेले शब्द संगणकावर कसे शोधायचे? यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे, एका ओळीत एक शब्द. वर्डललाही (पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ) ती चालेल का?

मांडवीवाले, बडोदा
आधी यादी कुठली ते जाहीर करा, नाहीतर भांडणं ठरलेली. झेड-ओ कॉलिन्स या ब्रिटिश शब्दयादीत चालतो, अमेरिकन यादीत नाही. झेड-ए दोन्हीकडे चालतो.

क्यूसाठी पहिला शब्द क्यू-आय. दोन अक्षरांत क्यूचा हा एकच. मग क्यू-ए-टी. पुढचे शब्द तर आपल्या घरचेच: कव्वाली, तलाक, फकीर, निकाब. उर्दूतला घशातला क़ मराठीत साधा क होतो, म्हणून आपल्याला तिथे के सुचतो. इंग्रजीत तलाक टी-ए-एल-ए-क्यू, कव्वालीत क्यू-ए नंतर डब्ल्यू दोनदा. फकीर के घालूनही चालतो. पण क्यूचे १० गुण आणि केचे ५, तेव्हा विचार करून लावा.

जाता जाता: व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही. समोरच्याची वाट अडवायला व्ही उत्तम.

ओळ_स्तंभ, ग्वाल्हेर
संगणकाचं सांगतो. एक्सेल पुरेसं आहे, अडीच लाखांवर शब्दही एका शीटमध्ये मावतात.

पेस्ट करण्याआधी पहिला स्तंभ ‘टेक्स्ट’ करून ठेवा. तसं केलं नाही तर ट्रू आणि फॉल्स हे दोन शब्द एक्सेल शब्द मानतच नाही आणि फिल्टरमधून गळतात. दुसऱ्या स्तंभात ट्रिम (जादा रिकाम्या जागा काढतो) आणि लोअर (सगळी अक्षरं लहान लिपीत करतो) लावा, तिसऱ्यात लेन (लांबी मोजतो). ट्रिम विसरलात तर शेवटच्या रिकाम्या जागेमुळे पाच अक्षरी शब्दाची लांबी सहा दिसते.

आता फिल्टर. माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षराला एक प्रश्नचिन्ह, कितीही अक्षरं चालणार असतील तर तारा. पाच अक्षरी, तिसरं क्यू, तर दोन प्रश्नचिन्हं, क्यू, पुन्हा दोन. हे ‘इक्वल्स’मध्ये टाका. ‘कंटेन्स’मध्ये टाकलंत तर लांब शब्दांच्या पोटातले तुकडेही जुळतात आणि जागेचा हिशेब कोलमडतो.

एखादं अक्षर किती वेळा आलंय ते हवं असेल तर सब्स्टिट्यूटनं ते अक्षर काढा, उरलेली लांबी मूळ लांबीतून वजा करा. सब्स्टिट्यूट लहान-मोठी लिपी वेगळी धरतो, म्हणून तर आधी लोअर.

हातातली अक्षरं उलटसुलट करायची असतील तर प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमानं लावलेला आणखी एक स्तंभ हवा. सायलेंट, लिसन, एन्लिस्ट, टिन्सेल या चारही शब्दांपुढे तिथे ई-आय-एल-एन-एस-टी हेच येतं. आपली अक्षरं तशीच लावून शोधायची.

पाचोळा
वर्डलमध्ये ती यादी चालते, पण राखाडी रंगाला (‘हे अक्षर नाही’) फसू नका. उत्तर लेमन असेल आणि तुम्ही लेव्हल टाकलंत, तर पहिले एल आणि ई हिरवे (बरोबर जागी), दुसरे दोन्ही राखाडी. ‘ई नको’ असा फिल्टर लावलात तर खुद्द उत्तरच उडेल. तिथे अर्थ एवढाच की ई एकदाच आहे. पिवळ्यालाही दोन अटी लावा: अक्षर आहे, आणि या जागी नाही. दुसरी अट बरेचजण विसरतात.

राजवाडाकर, इंदूर
कॉलिन्स ठरलं, फलकावर लिहून लावतो. ओ-के चालतो का? मुलं आत्तापासूनच वाद घालतायत.

मांडवीवाले, बडोदा
कॉलिन्सच्या २०१९च्या यादीपासून चालतो. ई-डब्ल्यूसुद्धा तेव्हाच आला. हे दोन तुमच्या फाइलमध्ये शोधा. सापडले नाहीत तर फाइल त्याआधीची आहे, मग नवी मिळवा किंवा जुनीच चालेल असं फलकावर लिहा.