आम्ही लढलो तो टीव्हीचा पायलट (मालिका मंजूर होण्याआधीचा नमुना भाग) कधीच दाखवला गेला नाही. का?

सोल्डरगन

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मनात घोळणारा प्रश्न आहे. टीव्हीच्या कामातलं कळणारं कुणी असेल तर नीट समजावून सांगा.

शिक्षण संपून दोनच वर्षं झाली होती, तेव्हा आम्ही चौघांनी ६० किलोचा लढाऊ रोबो बनवला होता. वायरिंग आणि बॅटरी माझ्याकडे. पुढे आडवी फिरणारी पोलादी चकती, वजन १० किलो, व्यास ४० सेंटीमीटर. एका निर्मितीसंस्थेने रोबोंच्या लढतींचा पायलट करायचा म्हणून आठ संघ बोलावले, दोन दिवस चित्रण केलं. त्यानंतर वर्षभर "चॅनेलकडून कळवतो" एवढंच उत्तर, मग तेही बंद.

पहिली लढत आम्ही ११ सेकंदांत जिंकली. चकतीला वेग येताना तिचा आवाज चढत जातो, तो पुरता टिपेला पोचायच्या आतच समोरचा अंगावर आला. त्याचं डावं चाक धुरीसकट उपटलं गेलं आणि रिंगणात एकटंच गरगरत राहिलं. पण त्या धक्क्याने आमच्याही डाव्या मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर जळला. पुढची लढत ४० मिनिटांवर, आणि जादा कंट्रोलर नव्हता.

तेव्हा ज्यांना आम्ही नुकतंच हरवलं होतं त्यांच्यातला एक मुलगा स्वतःचा कंट्रोलर घेऊन आला. "आमचा आता काही चालत नाही, हा लावा," म्हणाला. मी जमिनीवर पालथी पडून बॅटरीच्या पेटीखालून तारा ओढत होते आणि तो टॉर्च धरून बसला होता. शेवटचा डाग दिला तेव्हा तीन मिनिटं उरली होती. दुसरी लढत आम्ही हरलो, चौथ्या-पाचव्या धडकेत उलटे झालो. त्याचं मला काही वाटलं नाही.

मला कळत नाही ते हे, की इतकं सगळं घडूनही चॅनेलला त्यात काय कमी वाटलं? आणि ते चित्रण आता कधी बघायला मिळेल का?

संकलक_तात्या

ताई, मी संकलनाच्या टेबलावर १४ वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. पायलट प्रेक्षकांसाठी नसतोच. तो चॅनेलमधल्या पाच-सहा जणांसाठी असतो, आणि त्यांचा प्रश्न एकच: दहाव्या भागात काय दाखवाल?

आठ संघ म्हणजे बाद फेरीच्या सात लढती. प्रत्येक लढत पूर्ण तीन मिनिटं चालली तरी २१ मिनिटं होतात. तुमची ११ सेकंदांत संपली, तशा अजून दोन-तीन असतीलच. तासाच्या कार्यक्रमाला जाहिराती सोडून चाळीसेक मिनिटांचा ऐवज लागतो. उरलेला वेळ कशाने भरायचा? शिवाय रीटेक नाही. नट पुन्हा पडून दाखवतो, तुटलेला रोबो नाही.

आता मला एक सांगा. कंट्रोलर बदलताना तिथे कॅमेरा होता?

सोल्डरगन

नव्हता. युनिट जेवायला गेलं होतं.

संकलक_तात्या

मग तुमचा भाग तिथेच गेला. माझ्या टेबलावर तो मुलगा आणि तो टॉर्च आला असता, तर सात-आठ मिनिटं मी त्यावर सहज उभी केली असती. मग दुसऱ्या लढतीत तुम्ही उलटे झालात तेव्हा बघणारा खुर्चीतून उठला असता. कोण कुणाच्या कंट्रोलरवर लढतंय हे त्याला ठाऊक असतं ना. ते नसेल तर दोन लोखंडी डबे एकमेकांवर आपटले, एवढंच दिसतं.

रिंगणकर

तात्यांना +१, पण थोडं मागचंही सांगतो. रोबोयुद्ध मुळात टीव्हीसाठी जन्मलंच नव्हतं. मार्क थॉर्प यांनी १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसनमध्ये पहिलं 'रोबॉट वॉर्स' भरवलं ते समोर बसलेल्या लोकांसाठी. पुढे १९९८ मध्ये बीबीसी टूवर याच नावाची मालिका सुरू झाली, तेव्हा पहिल्या हंगामात थेट लढत नव्हतीच. आधी अडथळ्यांची वाट, मग एक वेगळी चाचणी, प्रत्येक टप्प्यावर एक रोबो बाद, आणि उरलेल्यांच्याच लढती. जोडीला माटिल्डा, शंट, सार्जंट बॅश, डेड मेटल हे कार्यक्रमाचे स्वतःचे रोबो. लढती छोट्या पडतात यावर मला ते फार विचारपूर्वक काढलेलं उत्तर वाटतं. दर आठवड्याला ओळखीचे चेहरे मिळाले आणि वेळही भरला.

दुसरं कारण रिंगण. तुमची चकती मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल असं धरा. भरीव चकतीच्या हिशोबाने त्यात सुमारे १०,००० ज्यूल साठतात. तेवढ्या ऊर्जेत ६० किलोचा रोबो सुमारे १७ मीटर वर उचलला जाईल. आणि वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट! १९९५ मध्ये जेमी हाइनमन यांच्या 'ब्लेंडो' या रोबोने प्रतिस्पर्ध्यांचे तुकडे कठड्यावरून बाहेर उडवले. शेवटी त्याला संयुक्त विजेता ठरवून स्पर्धेतून थांबवावं लागलं. आता सगळीकडे जाड पॉलिकार्बोनेटच्या भिंती लागतात, आणि हवंच ते. पण एका पायलटसाठी उभारलेलं रिंगण पुढचे भाग मंजूर झाले नाहीत तर मोडून टाकावं लागतं. हिशोब बघणाऱ्याचा हात तिथे अडतो.

चकतीप्रेमी

माझं मत वेगळं आहे. मला दुरुस्त्या आणि रडारड नको, लढती हव्यात. अमेरिकेतल्या 'बॅटलबॉट्स' या रोबोयुद्धाची २००९ ची स्पर्धा झाली तीही टीव्हीवर आली नाही, आणि तिथे तर मुरलेले संघ होते. पुढे २०१५ मध्ये एबीसी या तिथल्या चॅनेलवर सहा भाग आले. त्यात अंतिम लढतीत 'बाइट फोर्स' या रोबोने 'टूमस्टोन'ला रोखलं, तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो.

रिंगणकर

अहो, पण 'टूमस्टोन' काय करू शकतो हे त्याआधीच्या भागांत तुम्ही पाहिलं होतं, म्हणूनच श्वास रोखला गेला. एकट्या पायलटला ते 'आधीचे भाग' नसतात.

संकलक_तात्या

ताई, चित्रणाचं राहिलं. हक्क निर्मितीसंस्थेकडे असणार. संस्था चालू असेल तर साधं पत्र लिहा, 'खाजगी पाहण्यासाठी आमच्या दोन लढतींची प्रत द्या' एवढंच मागा. सगळा पायलट मागितलात तर नाही म्हणतील. तुमच्याकडे स्वतः काढलेलं काही असेल तर सही केलेला कागद आधी वाचा, मगच कुठे टाका.

सोल्डरगन

तात्या, रिंगणकर, मनापासून आभार. चकतीप्रेमी, तुमचंही पटलं, लढत मलाही हवीच होती. कागद सापडला. मागच्या जागेत काढलेली छायाचित्रंसुद्धा परवानगीशिवाय दाखवायची नाहीत असं त्यात आहे, त्यामुळे इथे टाकत नाही. आज पत्र लिहिते.

एक मात्र लिहायचं राहिलं. तो कंट्रोलर अजून माझ्याकडे आहे. त्या संध्याकाळी आवराआवरीत परत द्यायचा राहून गेला. एका कोपऱ्याला माझ्या सोल्डरचा डाग आहे, आणि मागे निळ्या शाईत त्यांनी स्वतः घातलेला आकडा आहे, ३. त्या संघातलं कुणी हे वाचत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मागच्या महिन्यात जोडून पाहिला, चालतो.