रीमॅप केलेल्या गाडीचे प्लग आणि आपल्याकडची धूळ

गाडी रीमॅप केली (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं) तरी एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग मॅन्युअलमधल्या किलोमीटरलाच बदलायचे असं इथे एकाने लिहिलंय, फिल्टरचं तर मुळीच पटत नाही. धुळीच्या भागात लवकर बदला हे मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं, आणि आमच्या जळगाव जिल्ह्यात चोपडा-धरणगावकडे धूळ नाही तर काय बर्फ आहे का? त्यात कापसाच्या सीझनला जिनिंगच्या रस्त्याने रोजचं येणंजाणं असलं की फिल्टरच्या घड्यांत बारीक रुवा बसतो, त्यावर धूळ चिकटून पापुद्रा होतो, तो नुसता झटकून निघत नाही. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून कागद फाटला तर माती थेट टर्बोच्या (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) पंख्यावर.

प्लग कोणता घ्यायचा हे मात्र कोणी लिहिलंच नाही. रीमॅपमध्ये बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, ठिणगीला प्लगच्या टोकांमधली गॅप ओलांडणं जड जातं, मग कन्नड घाटात फुल एक्सिलेटरला गाडी ठसके देते न लोक कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) बदलत बसतात. म्हणून ट्यूनर (रीमॅप करणारे) बहुतेक एक पायरी थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) आणि कमी गॅप सांगतात, ०.८ च्या जागी ०.६-०.७ मिमी वगैरे, अर्थात आपल्या मॅपवाल्याला विचारूनच. फक्त ब्रँड बदलताना आकडा नीट बघा, एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं, त्यामुळे काउंटरवर "एक नंबर वरचा द्या" म्हटलं की भलताच गरम प्लग घरी येतो. आणि कॉइल काढल्यावर आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, प्लग मग खोला, नाहीतर साचलेली रेती सरळ सिलिंडरमध्ये.