ऑनलाइन दुकान टाकलं, मग काय झालं? मराठवाड्यातल्यांनी आपापलं सांगा

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन. "मामा, मी पण मसाल्याचं ऑनलाइन चालू करायलेय. वेबसाइटला किती खर्च येतो?" म्हणलं, वेबसाइटचं राहू दे, खोके कुठून आणणार ते सांग आधी. ती हसली. मला चार वर्षांपूर्वी कुणी हे विचारलं असतं तर बरेच पैसे वाचले असते. म्हणून हा धागा. लाखोंची उलाढाल झाल्याच्या गोष्टी नकोत, त्या सगळीकडं आहेत. कुठं अडकलात, पैसे कशात गेले, शेवटी काय चाललं, तेवढं लिहा. सुरुवात माझ्यापासून.

लातूर: येसर (आमटीला लावायचं भाजक्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ), काळा मसाला, शेंगदाणा चटणी

एका पोरानं 35 हजारांत वेबसाइट करून दिली. देखणी होती. पण पैसे घ्यायची सोय चालू व्हायलाच महिना गेला. पेमेंटवाल्यांना फर्मच्या नावाचं बँक खातं पाहिजे, माल परत घेण्याचे नियम, पाठवणीचे नियम, सगळं साइटवर लिहिलेलं पाहिजे. पहिल्या दोन महिन्यांत 11 ऑर्डरी. त्यातल्या 7 पाहुण्यांच्या.

नंतर कळलं की येसर शोधणारा माणूस आपलाच असतो. लातूर-धाराशिवकडचा, पुण्यात नोकरीला, आईच्या हातची आमटी आठवणारा. बाकीच्यांना येसर म्हणजे काय तेच ठाऊक नाही, मग शोधतील कशाला? बायकोनं आमटी करतानाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ टाकला, पदार्थाचं नाव मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत दोन-तीन तऱ्हेनं लिहिलं. पिंपरीच्या एका ताईंनी तो त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवसांत 40 पाकिटं गेली. आजही निम्म्याहून जास्त ऑर्डरी व्हॉट्सअॅपवरच येतात. वेबसाइट आहे, पण लोक ती बघून येतात आणि "दादा, अर्धा किलो पाठवा" असा मेसेज करतात.

एक सांगतो, लेबल आधी नीट करा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, 14 आकडी नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, तक्रारीसाठी फोन. माझी पहिली हजार लेबलं तारखेची जागाच नसल्यामुळं रद्दीत गेली.

परभणी: कुरडया, पापड, खारोड्या

दादा, खोक्यांचं बरोबर बोललात. माझं सगळं रडगाणं खोक्याचंच आहे.

अर्धा किलो कुरडया. मोडू नयेत म्हणून मी मोठा खोका घेतला, 35 बाय 30 बाय 20 सेंटिमीटरचा. कुरियरचं बिल आलं साडेचार किलोचं! भांडायला गेले तर त्यांनी हिशोब दाखवला. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार, त्याला 5000 नं भागायचं. 21,000 भागिले 5000, म्हणजे 4.2 किलो, आणि वर अर्ध्या किलोपर्यंत पुढं ओढायचं. खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त, त्याचे पैसे. कुरडई म्हणजे निम्मी हवाच, आणि तीन महिने त्या हवेचं भाडं मी भरत होते. गिऱ्हाइकाकडून 60 रुपये घेत होते, खिशातून किती गेले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

आता कुरडया तळहाताएवढ्याच घालतो. खोका 25 बाय 20 बाय 12, म्हणजे 1.2 किलो. सासूबाईंना पटलं नव्हतं, "एवढुशी कुरडई कामून?" म्हणायच्या. पण पुण्यातल्या बायकांच्या कढया पण एवढुशाच, त्यांना तीच आवडायली.

नांदेड: लहान मुलींचे फ्रॉक

मी एका मोठ्या खरेदीच्या अॅपवर माल लावला. ऑर्डरी भरपूर, पण माल पोचल्यावर पैसे द्यायची पद्धत. दिवाळीच्या महिन्यात 100 पार्सलं गेली, 31 परत आली. दारात माणूस घेत नाही, फोन उचलत नाही. जाण्याचं भाडं आपलं, येण्याचंही आपलं, आणि फ्रॉकला चुणी पडलेली. आता स्वतःच्या ऑर्डरींना 100 रुपये आधी घेतो. निम्मे लोक तिथंच गळतात. गळू द्या.

जीएसटीचं विचारतात म्हणून लिहितो. पूर्वी अशा अॅपवर माल विकायचा तर एक रुपयाच्या विक्रीलाही नोंदणी लागायची. 1 ऑक्टोबर 2023 पासून वर्षाला 40 लाखांच्या आत विक्री असलेल्या छोट्या विक्रेत्याला आपल्याच राज्यात विकायला त्यातून सूट आहे, फक्त पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक काढावा लागतो. हैदराबाद आपल्याला मुंबईपेक्षा जवळ, पण माल तिकडं पाठवायचा म्हणलं की गणित बदलतं. सीएला विचारूनच करा, माझ्या भरवशावर नको.

पैठण: हातमागाची पैठणी

आमचं वेगळं आहे. एका साडीला दोन-दोन महिने जातात, स्टॉक कुठून दाखवणार? तरी एका साइटवर तीन साड्या लावल्या. एक विकली गेली. आठ दिवसांनी परत आली. घडी उघडली तर आत यंत्रमागाची साडी. रंग तोच, मोर तसेच. साइटवाल्यांना फोटो पाठवले, उत्तर आलं की परतावा नियमात बसतो. त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

तिथून बाहेर पडलो. आता व्हिडिओ कॉलवर दाखवतो, तेही उन्हात, ट्यूबलाइटखाली नाही. पदर उलटा करून दाखवतो. हातमागाची पैठणी उलट्या बाजूनंही तशीच सफाईदार दिसते, यंत्राच्या साडीला मागं दोरे लोंबतात. अस्सल रेशीम असल्याचं सिल्क मार्कचं लेबल दाखवतो. निम्मी रक्कम घेतल्यावरच माग लावतो, आणि पार्सल बांधताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत न तोडता व्हिडिओ काढतो. वर्षाला साड्या मोजक्याच जातात. पण घेणाऱ्या बाईची बहीण, मग नणंद, असं चालतं.

भूम, जि. धाराशिव: खवा आणि पेढा

मे महिन्यात कुरियरनं पेढा पाठवला. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोटो आला. जास्त सांगत नाही.

आता पैसे ऑनलाइन, माल ट्रॅव्हल्सनं. रात्रीच्या गाडीवर डबा द्यायचा, ड्रायव्हरचा नंबर गिऱ्हाइकाला पाठवायचा, सकाळी ते पुण्यात थांब्यावर उतरवून घेतात. याला कुणी ऑनलाइन दुकान म्हणेल का माहीत नाही, पण फक्त पुणे धरलं आणि जमलं.

अजून एक डोकेदुखी, पत्त्याची. जिल्ह्याचं नाव बदललं, पण बऱ्याच यंत्रणांत पिनकोड टाकला की उस्मानाबादच येतं. एका बाईंनी त्यावरून ऑर्डर रद्द केली, "मी धाराशिवचा खवा मागवला होता" म्हणून! संभाजीनगरवाल्यांचंही हेच असणार. मी आता बिलावर दोन्ही नावं छापतो.

वसमत: हळद

थोडक्यात. "सैन्यातून बोलतोय, कँटीनसाठी 50 किलो पाहिजे, अॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." मी केला, पिनही टाकला. 18 हजार गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावायचा असतो, मी दुसऱ्या दिवशी लावला.

सेलूजवळचं एक खेडं: अजून सुरू केलेलं नाही

वाचून घाबरले पण आणि हुरूपही आला. आमच्या बचत गटाचं लोणचं आहे. गावात कुरियर येत नाही, काय करावं?

लातूर (धागा काढणारा)

ताई, पोस्ट आहे ना. स्पीड पोस्टनं आधी स्वतःच्याच पुण्यातल्या पाहुण्याला दोन बरण्या पाठवा आणि पोचल्यावर खोका उघडतानाचा फोटो मागवा. तेल कुठून सुटलं ते दिसेल. माझ्या चटणीचं झाकणाखालून सुटत होतं. आता झाकणाखाली फॉइलचं सील लावतो. परभणीच्या ताई, तुमचे छोटे खोके कुठं मिळतात तेही लिहा, भाची रोज विचारतेय.