मदत हवी आहे: ग्रुप प्रॅक्टिसमध्ये जातेय, आरोग्य विम्याचं काय करू?

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हॉस्पिटलची नोकरी सोडून एका ग्रुप प्रॅक्टिसमध्ये रुजू होतेय. आजवर विमा नोकरीबरोबरच यायचा, त्यामुळे कधी डोकं लावावं लागलं नाही. नव्या करारात मात्र मी 'कन्सल्टंट', म्हणजे कागदोपत्री कर्मचारी नाहीच. पगाराऐवजी पेशंटमागे टक्केवारी. विम्याचं विचारलं तर सीनियर म्हणाले, "बघू, ग्रुप पॉलिसीत नाव घालता येतंय का." या 'बघू'वर किती विसंबायचं?

खरी अडचण म्हणजे माझा थायरॉइड आणि नवऱ्याची शुगर. वैयक्तिक पॉलिसी नव्याने घेतली की आधीपासूनच्या आजारांना बऱ्याचदा प्रतीक्षा कालावधी लागतो, म्हणजे तोवर त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही. ग्रुप पॉलिसीत तो अनेकदा माफ असतो, पण प्रॅक्टिस सोडली की कव्हरही गेलं.

कन्सल्टंट असून कुणाला ग्रुप पॉलिसीत घेतलंय का? हप्ता कोण भरतं? की नोकरीतला विमा चालू असतानाच स्वतःची पॉलिसी काढून ठेवू, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही?

आणि हो, उद्या माझंच मनगट मोडलं तर उपचाराचा खर्च निघेल, पण बुडालेल्या कमाईसाठी वेगळं कव्हर कुणी घेतलंय का?

एजंट मंडळींनी कृपया नंबर मागू नयेत, आधी अनुभव ऐकायचेत.