हॅम्बर्गचा मास्टर्सचा दर्जा काढला हे बरोबर होतं का?

लालमाती
काल २००७ ची हॅम्बर्ग फायनल परत बघितली, फेडरर विरुद्ध नदाल, आणि जुना राग पुन्हा वर आला म्हणून हा धागा काढतोय. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. हॅम्बर्गची टेनिस स्पर्धा १८९२ सालची, फ्रेंच चॅम्पियनशिप (आजची पॅरिसची फ्रेंच ओपन) सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षीची. २००८ पर्यंत ती मास्टर्स होती, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या लगेच खालची पायरी. २००९ ला एटीपीने (पुरुष टेनिस चालवणारी संघटना) कॅलेंडर बदललं, मे महिन्यातली मातीवरची मास्टर्स माद्रिदला दिली आणि हॅम्बर्गला ५०० (मास्टर्सच्या खालचा दर्जा) करून जुलैत ढकललं. विम्बल्डन नुकतंच संपलेलं, पुढे अमेरिकेतले हार्ड कोर्ट, त्याच्या मधे मातीवर खेळायला मोठे खेळाडू कशाला येतील? आणि खरी चीड याची की खाली उतरवायच्या यादीत माँटे कार्लो पण होती, तिला मात्र वाचवलं. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय आहे. तुम्हाला काय वाटतं?

नेटकॉर्ड
अजिबात अन्याय नाही. जुनी आहे म्हणून कुठल्या स्पर्धेला कायमचा मान द्यायचा का? २००६ आठवा. रोमची फेडरर-नदाल फायनल पाच तास पाच मिनिटं चालली, नदालने दोन मॅच पॉइंट वाचवून जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनीही हॅम्बर्गमधून नाव काढून घेतलं. फायनल झाली रोब्रेडो विरुद्ध स्टेपानेक. दोघंही चांगले प्लेअर, पण मास्टर्सच्या फायनलला जगातले पहिले दोन घरी बसलेत हे कसं चालेल? पॅरिसच्या इतकं जवळ ही स्पर्धा असेल तर असंच होणार.

बेसलाइनवाली
@नेटकॉर्ड, अर्धीच गोष्ट सांगितलीत दादा. ते दोघं दमले कारण रोमची फायनल पाच सेटची होती. एटीपीने त्यावर उपाय केलाच ना, २००७ च्या मातीच्या सीझनपासून मास्टर्सच्या फायनल तीन सेटच्या केल्या. मग २००७ ला हॅम्बर्गच्या फायनलला कोण होतं? फेडरर-नदाल. २००८ ला? परत तेच दोघं, आणि काय मॅच होती ती, नदाल ७-५, ६-७, ६-३. म्हणजे आजार बरा झाला आणि मग पेशंटला घराबाहेर काढलं.

एल्बेकाठचा
मी हॅम्बर्गमध्येच राहतो त्यामुळे थोडं मातीबद्दल लिहितो, कारण टीव्हीवर हे कळत नाही. इथे मे महिन्यात पण जॅकेट घालून बसावं लागतं, पाऊस कधी येईल सांगता येत नाही, रोथेनबाउमच्या (इथलं टेनिस स्टेडियम) सेंटर कोर्टला उघडझाप होणारं छप्पर आहे ते उगाच नाही. अशा हवेत विटांचा तो भुगा ओलसर राहतो, बॉलला चिकटतो, थोड्या वेळात बॉल फुगल्यासारखा जड होतो आणि टॉपस्पिन मारला तरी खांद्याच्या वर उडत नाही, कमरेपाशीच येतो. नदालचं सगळं हत्यार काय तर समोरच्याच्या बॅकहँडला खांद्यावरून उडणारा बॉल. इथे तो फेडररला बरोबर मारता येईल अशा उंचीवर मिळायचा. २००७ ला नदाल मातीवर सलग ८१ मॅच जिंकून आलेला, पहिला सेट पण ६-२ घेतला, आणि नंतर ६-२, ६-० ने गेला. फेडररच्या खेळाला तोड नव्हतीच, पण त्याला इथल्या मातीची साथ होती हे विसरू नका. तो इथे चार वेळा जिंकलाय, २००२, ०४, ०५ आणि ०७.

आता माद्रिद बघा. समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर, हवा विरळ, बॉल सुसाट जातो. पॅरिस जवळजवळ हॅम्बर्गसारखंच सखल आणि दमट. पॅरिसची तयारी म्हणून कुठली माती जास्त उपयोगाची हे मी सांगायला नको.

नेटकॉर्ड
माहिती मस्त लिहिलीत, पण तुम्हीच म्हणताय की थंडी आणि पाऊस, मग खेळाडूंनी का यावं? माद्रिदने पुरुष-बायकांची स्पर्धा एकत्र आणली, नवीन स्टेडियम आणलं, स्पर्धेचा मालक तिरिआकने पैसा ओतला. आणि मातीवरचे निम्मे दादा लोक स्पेनचे, तर तिथे मास्टर्स का नको?

लालमाती
पैसा ओतला म्हणून २०१२ ला निळी माती पण टाकली! टीव्हीवर बॉल छान दिसतो म्हणून. पाय घसरत होते, नदाल वर्दास्कोकडून हरला, जोकोविच टिप्सारेविचकडून हरला, दोघंही म्हणाले की परत असं कोर्ट असेल तर येणार नाही. पुढच्या वर्षी गुपचूप लाल माती परत. ज्यांना मातीची किंमत कळत नाही त्यांच्या हातात हॅम्बर्गची जागा दिली हेच मला टोचतं. फॉन क्राम सारखा जुना जर्मन खेळाडू या स्पर्धेचा विजेता आहे हो, ३२ ते ३५ सलग चार वेळा जिंकला, मग नाझींनी त्याला तुरुंगात टाकलं, आणि युद्ध संपल्यावर चाळिशीच्या आसपास ४८ आणि ४९ ला परत जिंकला. हे सगळं मागे असताना एक बैठक होते आणि दर्जा जातो.

मुळशीकर
माँटे कार्लो का वाचली याकडे पण बघा. त्यांनी २००७ च्या वसंतातच एटीपीवर केस टाकली, नदाल-फेडररसारखे बडे खेळाडू त्यांच्या बाजूने बोलले, आणि ऑगस्टपर्यंत तडजोड झाली. दर्जा १००० चाच (म्हणजे मास्टर्सचा) राहिला, फक्त खेळाडूंवर खेळायची सक्ती नाही. नऊ मास्टर्समधली ती एकटीच तशी आहे. हॅम्बर्गवाले (जर्मन फेडरेशन आणि सोबत कतारचं फेडरेशन) अमेरिकेत डेलावेअरच्या कोर्टात ज्युरीपर्यंत गेले, ऑगस्ट २००८ ला हरले, २०१० ला अपीलात पण हरले. माँटे कार्लोला अजून एक फायदा आहे, निम्मे टॉप प्लेअर तिथेच राहतात, घरून निघून प्रॅक्टिसला जातात. क्लब खरं तर फ्रान्सच्या हद्दीत आहे, पण ते जाऊ दे.

आणि आपण पण जरा आठवावं. चेन्नईकरांनी १९९७ पासून वीस-एकवीस वर्षं स्पर्धा जपली, २०१८ ला ती बालेवाडीला आली तेव्हा आपण पुणेकरांनी टाळ्या वाजवल्या. २०२३ नंतर पुण्यातूनही गेली तेव्हा कळलं चेन्नईवाल्यांना काय वाटलं असेल. ती हार्ड कोर्टची आणि २५० ची (५०० च्याही खालच्या दर्जाची) होती तरी एवढं लागलं.

बेसलाइनवाली
@मुळशीकर, हेच तर म्हणतेय मी. सक्ती नसताना माँटे कार्लोचं काय वाईट झालं? नदाल तिथे एकूण अकरा वेळा जिंकला. बोपण्णाने २०१७ ला कुएवासबरोबर डबल्स जिंकलं. आपला सुमित नागल २०२४ ला क्वालिफाय होऊन आला आणि अर्नाल्डीला हरवलं, मातीवरच्या मास्टर्समध्ये सिंगल्सची मॅच जिंकणारा पहिला भारतीय. म्हणजे सक्ती न करता पण मास्टर्स उत्तम चालते. मग तोच पर्याय हॅम्बर्गला का नाही?

नेटकॉर्ड
कारण कॅलेंडरमध्ये जागा नाही ताई. पॅरिसच्या आधी माँटे कार्लो, माद्रिद, रोम, त्यात चौथी मास्टर्स कुठे बसवणार?

एल्बेकाठचा
२०२५ पासून हॅम्बर्ग परत मे महिन्यातच आलीय, पॅरिसच्या अगदी आधीच्या आठवड्यात, ५०० म्हणून. म्हणजे जागा आहे. आणि जुलैच्या काळात पण स्पर्धा मेली नव्हती बरं का, २०१५ ला नदाल येऊन जिंकून गेला. २०२३ ला झ्वेरेव्ह जिंकला तो इथे जन्मलेला मुलगा, १९९३ च्या स्टिखनंतर पहिला जर्मन विजेता. बेकरला पण हे जमलं नव्हतं, १९९० च्या फायनलला अगिलेराने त्याला ६-१, ६-०, ७-६ ने घालवलेलं.

लालमाती
आणि नऊच्या वर मास्टर्स नको हे कारण पण आता राहिलं नाही. एटीपीने २०२५ मध्ये सौदी अरेबियासाठी दहावी मास्टर्स जाहीर केलीय, लवकरात लवकर २०२८ ला, आणि ती पण सक्ती नसलेलीच. नेटकॉर्ड, दहावी काढायचीच होती तर पहिला हक्क कोणाचा होता, एवढं एकच सांगा.

नेटकॉर्ड
सौदीपेक्षा हॅम्बर्ग, हे मान्य. २००९ चा निर्णय चुकीचा होता हे अजूनही मान्य नाही.